अप्पांच्या डाव्या तळहातावरून

अप्पांच्या हातून इष्टलिंग पडलं. आमच्या लिंगायत घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, म्हणून मी आधीच सांगून टाकते. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं आणि उजव्या हातानं भस्म लावायचं, ही माझ्या वडिलांची रोजची पूजा. साठ वर्षांत एक दिवस चुकली नव्हती. त्या सकाळी डाव्या हाताची बोटं मिटलीच नाहीत आणि लिंग फरशीवर टणकन आदळलं.

मी नांदेडहून उदगीरला माहेरी आले होते. मास्तरीण बाई मी, जीभ आधी आणि डोकं मागून. म्हणाले, "लक्ष कुठं असतं हो अप्पा तुमचं? दिवसभर नुसता जिल्हा, जिल्हा!" तेव्हा उदगीर जिल्हा होणार म्हणून बाजारातल्या आडत दुकानांत दुसरा विषयच नव्हता. टँकर आठ आठ दिवस यायचा नाही, पण कलेक्टर कचेरी कुठं बांधायची यावर भांडणं जुंपायची. अप्पा त्यात सगळ्यांच्या पुढं. एरवी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं लिंग उचललं, तेही उजव्या हातानं, आणि माझ्यादेखत रडले.

मग त्यांनी गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी उतरवून आईच्या हातात दिली. "मी ह्या लायकीचा न्हाई." लिंगाशिवाय गळा म्हणजे आमच्यात जितं मरण. पाच दिवस नुसतं पाणी, अशी शिक्षाही त्यांनी स्वतःच ठरवली. उपासात गोळी कशी घ्यायची, म्हणून रक्तदाबाची गोळीही बंद. आणि मी, एवढी शिकलेली, गप्प बसले. देवाधर्माच्या मध्ये कोण पडणार!

चौथ्या दिवशी त्यांचे शब्द जड झाले, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखे. आई म्हणाली, "ऊन लई हाय, त्यात उपास. जिभेला कोरड पडली." आम्ही लिंबूपाणी करत बसलो, बोला! दुपारी सदऱ्याची गुंडी त्यांना लागेना, तेव्हा कुठं माझं डोकं जागेवर आलं. जीप केली आणि तिघं नांदेडला आलो.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. मग विचारलं, "पहिला झटका कधी आला होता?"

मी म्हणाले, "झटका? छे हो! ते तर चालत आलेत." झटका म्हणजे माणूस कोसळतो, तोंड वाकडं होतं, एवढंच मला ठाऊक. त्यांनी फिल्म उजेडात धरली. मेंदूच्या पार आत तिळाएवढे ठिपके होते. एक-दोन नवे, बाकीचे जुने.

"ठिबकची बारीक नळी चोंदली की तेवढंच एक झाड वाळतं," डॉक्टर म्हणाले. "बाकी मळा हिरवाच. आत खोल अशाच बारीक शिरा असतात. दुखत नाही, शुद्ध जात नाही. हात अडखळतो, जीभ जड होते, नाहीतर पाय बधिर होतो."

पाय म्हटल्यावर मला आठवलं. दिवाळीत अप्पा एकाच पायात चप्पल घालून बाजारातून घरी आले होते. दुसरी कुठं पडली, त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही पोट धरून हसलो होतो. सगळ्यांत जास्त मी.

"रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं सांगितलं, "चार दिस झाले, बंद हाय."

इतका वेळ अप्पा फिल्मकडं बघत होते. जड जिभेनं त्यांनी एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हाताला जोर नव्हता तो ह्याच्यानंच? माझ्या मनात खोट नव्हती?"

डॉक्टरांना काहीच उमगेना. ते म्हणाले, "मनाचा काय संबंध? ही शिरेची गोष्ट."

आईनं तिथंच पदराची गाठ सोडली. चांदीची पेटी तिनं उदगीरपासून पदरात बांधून आणली होती. अप्पांनी माझ्यापुढं मान खाली वाकवली. पेटीचा दोरा मी त्यांच्या गळ्यात बांधला आणि गाठ तीनदा ओढून पाहिली.