हमीसीच्या घरचं ताट

वणीच्या रामलाल शेठच्या जिनिंगमध्ये उकंडा मिस्त्री होता, तोवर सरकी काढायचे रेचे बंद पडून कापसाच्या गाड्या खोळंबल्या असं सहसा झालं नाही. माणूस अबोल. राग आला तर पाना जरा जोरात आवळायचा, एवढंच. पण १९६३ च्या उन्हाळ्यात, वाचनालयाच्या भरल्या सभेत, त्याच्या तोंडाचं झाकण उडालं.

सभा शेठच्या आफ्रिका प्रवासाची होती. मोंबासाच्या वरच्या अंगाला, समुद्रकाठी, शेठच्या साडूची जिनिंग होती. तिथे जुने रेचे बसवायचे म्हणून आदल्या वर्षी शेठ उकंडाला घेऊन बोटीनं गेले होते. शेठ साडूच्या बंगल्यात तीन आठवडे राहून परतले. उकंडा आठ महिने राहिला. पण भाषण शेठचं होतं, अध्यक्ष बाबाराव हेडमास्तर होते, आणि उकंडा दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. शेठनं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. शेठची नवी जिनिंग सुरू होणार होती आणि तिथला हेड मिस्त्री तूच, असा शब्द शेठनं त्याला दिला होता.

शेठनं बोट सांगितली, उलट्या सांगितल्या, समुद्राचा रंग सांगितला. मग माणसांवर आले.

"लोक म्हणजे काय सांगू. एक मोठं ताट मधे ठेवतात आणि सहा-सात जण एकदमच हात घालतात. बापाचा हात, लेकाचा हात, शेजाऱ्याचा हात, सगळं एकात."

सभेत कुणी "शी शी" केलं. शेठला चेव आला.

"अहो, हा आपला उकंडा. याची जात तुम्हाला ठाऊकच आहे. यानंसुद्धा त्यांच्या ताटाला हात लावला नाही. दूर उंबऱ्यापाशी आपली थाळी घेऊन बसला. मी डोळ्यांनी पाहिलं. आता तुम्हीच समजा, ते लोक किती खालचे असतील."

लोक पोट धरून हसले.

शेठनं पाहिलं ते खरं होतं. फक्त अर्धंच पाहिलं होतं.

तिथे गेल्याच्या चौथ्या दिवशी जिनिंगमधल्या हमीसी फिटरनं उकंडाला घरी जेवायला नेलं. हमीसी भारतीय मालकांच्या हाताखाली वाढलेला, मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. चटई अंथरली, तोटीच्या भांड्यानं हातावर पाणी घातलं, नारळाच्या दुधातला भात आणि वर मासा असं परातीएवढं ताट मधे आलं. सगळे भोवती बसले. उकंडाही बसला, पण कुठे? उंबऱ्यापाशी, पायताणांच्या शेजारी. फडक्यात बांधून आणलेली जर्मन-अॅल्युमिनियमची थाळी काढली, पुढे सरकवली आणि वरून कुणी वाढेल म्हणून मान खाली घालून वाट पाहत राहिला. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती. घरातले जुने देव नदीत सोडले होते. पण परक्याच्या घरी जेवायचं म्हटलं की बूड आपोआप उंबऱ्याकडे सरकायचं.

नेमके तेव्हाच शेठ मोटारीतून काही निरोप सांगायला आले, दारातून डोकावले, हसले आणि निघून गेले.

आत कुणी घास घेईना. हमीसी म्हणाला, "तू भी वैसाच. हिंदी लोग हमारे साथ नहीं खाता."

उकंडाला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याच्या अंगाची लाही झाली. ज्या खोडीनं आपल्या बापाला जन्मभर बाहेर बसवलं, तीच आपण या माणसांच्या दारात आणून ठेवली, आणि त्यांना वाटतंय आपण त्यांना बाटके समजतो! त्यानं जमेल तसं सांगितलं, की माझ्या गावात मला पंक्तीला घेत नाहीत. माझा हात लागून तुमचं अन्न बाटू नये म्हणून लांब बसलो.

हमीसीनं ते आपल्या म्हाताऱ्या बापाला सांगितलं. म्हाताऱ्यानं दोनदा सांगायला लावलं. मग विचारलं, "याला रोग आहे का काही?"

"नाही," हमीसी म्हणाला.

"मग?"

म्हाताऱ्यानं उठून त्याचा दंड धरला, ताटाशी बसवलं, माशाचे काटे काढून काढून त्याच्या बाजूला सारले. पुढचे आठ महिने उकंडा त्याच ताटात जेवला.

आणि इथे शेठ विचारत होते, "काय रे उकंडा, खरं की नाही? सांग सगळ्यांना."

हो म्हटलं की हेड मिस्त्री. नुसती मान हलवली तरी चाललं असतं. पण मग हमीसीचं घर साऱ्या वणीत कायमचं घाण ठरलं असतं, आणि तेही उकंडाच्या साक्षीनं.

"खोटं हाय, शेठ," उकंडा म्हणाला. "म्या त्याईच्या ताटात आठ महिने जेवलो. पयल्या दिवशी दूर बसलो, ते त्याईले घाण समजून नाही. तुमच्या वणीनं मले तसंच बसाले शिकवलं म्हणून."

बाबाराव हेडमास्तर चष्मा सावरत म्हणाले, "विषय प्रवासाचा आहे."

"म्याबी प्रवासाचंच सांगून राह्यलो, गुरुजी. शेठच्या तीन आठवड्यांचं तुम्ही आयकलं, माह्या आठ महिन्यांचं कायले जड जाते?"

कुणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "चहा आणा." उकंडा चहाला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं त्याला गादीवर बोलावलं. आवाजात साखर होती. "काल तुझं डोकं तापलं होतं. मी मनावर घेतलं नाही. नव्या जिनिंगचं काम तुझंच. फक्त रविवारी पांढरकवड्याला माझं भाषण आहे, तिथं येऊ नको."

"तेच सांगणार काय तुम्ही, ताटाचं?"

"लोकांना आवडते ते."

"मंग म्या येतो," उकंडा म्हणाला आणि पाने-हातोड्यांची पेटी उचलून घरी आला.

बायको सत्यभामानं पेटी पाहिली आणि समजली. "हो म्हटलं असतं तं काय जीभ झडली असती?" ती कडाडली. "पोराईले आता काय नारळाचं दूध पाजू?"

"कुठंबी इंजिन दुरुस्त करीन. मोडलेल्या इंजिनाईचा दुष्काळ नाही पडला."

"अन् रविवारी?"

"पांढरकवड्याले जातो."

तिनं पेटी पायानं कोपऱ्यात लोटली. रविवारी मात्र सदरा धुऊन ठेवलेला होता.

पांढरकवड्याच्या शाळेत पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या, गावातल्या बड्या लोकांसाठी. उकंडा सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसला. शिपाई जवळ आला, त्यानं उकंडाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागे फिरला. शेठ उभे राहिले. बोट सांगितली, उलट्या सांगितल्या, समुद्र सांगितला. मग माणसांवर येता येता त्यांची नजर समोर गेली. उकंडा हाताची घडी घालून बघत होता.

शेठ खाकरले, पाणी प्याले. त्या दिवशी पुढचा पाऊण तास ते फक्त नारळाच्या झाडावर बोलले.