डोहात न बुडवलेला बांबू

माझा बाप कूड विणायचा. हल्लीच्या पोरांना कूड म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. बांबू फाडून कामट्या करायच्या, उभ्या-आडव्या विणून त्यांची भिंत करायची आणि ती दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायची. सागाचे खांब, वर कवेलू नाहीतर गवत, आणि मधे हा कूड. सगळं घर धुंडाळलं तरी एक खिळा सापडायचा नाही. घाटंजीच्या बाजाराला जाताना जी गावं लागायची, त्यांत हातभर रुंद मातीच्या भिंती फक्त मोठ्या शेतकऱ्यांच्या. बाकी आम्ही सगळे, टेकडीवरच्या कोलाम आदिवासींपासून गावाबाहेरच्या आमच्या वस्तीपर्यंत, बांबूच्या आडोशानं राहायचो. पलीकडे जंगल. त्यात रोही, रानडुक्कर, अस्वल, तडस, बिबट, आणि कधीमधी वाघ. त्यांच्या आणि आमच्या मधे दोन बोटं जाडीची भिंत असायची आणि ती पुरायची.

ती का पुरायची, हे मला फार उशिरा कळलं.

बाप बांबू आणायचा तो कोलामांच्या पोडावरून. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पोडाच्या मधोमध त्यांची चावडी होती आणि तिचा कूड बापाच्या लहानपणापासून तसाच उभा होता. तिथल्या एका म्हाताऱ्या कोलामाशी बापाचं फार जमायचं. दोघं मिळून हिवाळ्यात, अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पंधरवड्यात, बांबू कापायचे. कापला की लगेच फाडायचा नाही. गावामागच्या नाल्यात एक खोल डोह होता, त्यात दगड ठेवून तो बुडवायचा आणि महिनाभर वर काढायचा नाही. बाहेर निघाला की त्याला असा वास यायचा, की आई बापाला दोन दिवस अंगणातच जेवायला वाढायची. मग सावलीत वाळवणं. मग बाप एकेका कामटीत अंगठ्याचं नख रोवून पाहायचा. नख रुतलं की ती कामटी चुलीत.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी डोहाच्या काठावर एक लिंबू, हळदकुंकू आणि मूठभर दहीभात. तो आसरांसाठी. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्यांना विचारल्याशिवाय डोहात काही ठेवायचं नाही, अशी पद्धत होती. बाप त्यांना भ्यायचा. आम्ही सगळेच भ्यायचो.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. मी तेव्हा बावीस वर्षांचा, सातवी पास, आणि वस्तीत वाचता येणारा एकटाच. डोक्यात नुसती रग. परत आल्यावर घरातले देव टोपलीत भरले आणि बापानं स्वतःच्या हातानं ती टोपली त्याच डोहात सोडली. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे. पुढचं वाचून कुणी त्या दिवसाला नावं ठेवू नयेत. ठेवायची असतील तर मला ठेवा.

मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीनं तेव्हाच सोडलं. गावाला त्याचा फार राग आला. मग बैल मेला की बैलगाडीला बांधून आणायचे आणि आमच्याच वस्तीमागच्या नाल्यात टाकून जायचे. वर म्हणायचे, "तुमी ओढत नाई ना, मंग आमीच आणून देतो." आधी गिधाडं उतरायला लागली, मग तडस, आणि मग बिबट. पहाटे नाल्याच्या वाळूत त्याची पावलं दिसायची. गावाच्या खोडीपायी एक जनावर आमच्या दाराशी जेवायला शिकलं.

सत्तावन साली माझं लग्न ठरलं आणि मी वेगळं घर बांधायला काढलं. जागा मिळाली ती वस्तीच्या टोकाला, नाल्याला लागून. बाप पोडावर जाऊन बांबू ठरवून आला आणि म्हणाला, "डोहात टाकतो. उन्हाळ्यापर्यंत होते तुहं घर."

मी हसलो. लिंबाचं काय करणार, असं विचारलं.

"लिंबू नाई टाकत."

"मंग बांबू तरी कायले टाकतो? देव बुडवले त्याच डोहात आता पुन्हा काही ठेवाले जाशील, लोकं काय म्हणतील? वस्तीतल्या बाया तेच पायतील आणि उद्या लिंबू घेऊन येतील."

मी पुढारी होतो. पुढाऱ्याच्या घराला अंधश्रद्धेचा वाससुद्धा नको होता मला. कामटीचा वास आणि अंधश्रद्धेचा वास यांत मी फरक केला नाही. आसरांना डोहातून हाकललं आणि त्यांच्याबरोबर पाण्यालाही हाकललं. म्हातारा कोलाम बांबू घेऊन आला तेव्हा त्यानंही सांगून पाहिलं, "पोरा, बांबूत गोड असते. ते पाणी काढून घेते. नाई काढलं त भुंगा खाते." मी त्याला आमच्या धम्माचं एक छोटंसं व्याख्यान दिलं. तो बिचारा विडी ओढत ऐकत राहिला.

बापानं ओला बांबू फाडला. माझ्या शब्दाला तेव्हा वस्तीत फार मान होता आणि त्या मानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माझाच बाप होता. पोरगं शिकलेलं, त्याला कळत असेल, असं तो मनापासून समजायचा. आठ दिवसांत कूड उभा राहिला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बायको त्या घरात आली.

अठ्ठावन साली मुलगी झाली. मागच्या खोलीत, कुडाला लागून तिची झोळी बांधली. त्याच पावसाळ्यात बायको मला म्हणाली, "अहो, ऐका. भिंत खाऊन राह्यलं काहीतरी." मी कान लावला. आत बारीक कर्र कर्र चाललेलं होतं. सकाळी झोळीवर पिवळसर पीठ पडलेलं असायचं. बायको ते पोरीच्या केसांतून झटकायची.

"बाबाले सांगा ना. ते पायतील."

"बाबाले काही सांगू नको," मी म्हणालो. "मी करतो."

मी काय केलं? शेणमाती कालवली आणि लिंपलं. पीठ थांबलं. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, पुन्हा लिंपलं. बाहेरून तर इतकं सफाईनं, की वस्तीतले लोक म्हणायचे, भिंत असावी तर अशी. मला लाज वाटायची असं मी आता लिहितो आहे. तेव्हा वाटायची ती फक्त भीती, बापाला कळेल याची. भिंतीमागं पोरगी निजते हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. बायको दर दोन महिन्यांनी ते मला दाखवत होती. "पोरीची झोळी तरी इकडे बांधू," ती म्हणायची. पुढच्या खोलीत लोक यायचे, तिथं झोळी बरी दिसली नसती. मी नको म्हणालो.

दर रविवारी दिवेलागणीला माझ्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, वंदना व्हायची. मी पुढे म्हणायचो, वस्ती मागून म्हणायची. बायांनीही बसायचं, चूल नंतर, असा माझा दंडक होता. साठ साल नुकतंच लागलं होतं, त्या थंडीतला तो रविवार. मुलगी दीड वर्षाची झाली होती. तिला झोळीत निजवून बायको सपरीत येऊन बसली. आत पोरीजवळ शेळी बांधलेली होती.

पंचशील चाललं होतं. कितवं, ते आठवत नाही. आत शेळी ओरडली. बायको अर्धी उठली. मी डोळे मिटलेले नव्हते, मला ती उठताना स्पष्ट दिसली. मी हातानं तिला बस अशी खूण केली. चाळीस माणसांच्या वंदनेत घरच्याच बाईनं शेळीसाठी उठावं, हे मला खटकलं. ती बसली. शेळी पुन्हा ओरडली आणि मग गप्प झाली. आम्ही राहिलेलं म्हणून पूर्ण केलं.

मागच्या कुडाला सुपाएवढं भोक पडलेलं होतं. शेळी दाव्याला तशीच होती, कोपऱ्यात अंग चोरून. झोळी फाटलेली होती.

कंदील, कुऱ्हाडी, डबे वाजवणं, सगळं झालं. टेकडीवरून कोलाम आले. त्यांनीच सकाळी माग काढला आणि पलीकडच्या मोहाच्या झाडाखाली जे मिळालं ते म्हाताऱ्या कोलामानं आपल्या धोतरात गुंडाळून आणलं. ते त्यानं बायकोला पाहू दिलं नाही. तेवढे त्याचे उपकार.

मग लोक बोलायला लागले. काही म्हाताऱ्या बाया कुजबुजल्या, आसरा कोपल्या. मी त्यांच्यावर धावून गेलो. पुरुष म्हणाले, गावानं नाल्यात ढोरं टाकून बिबट पोसला. त्याला मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं होकार दिला. ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणून माझ्या फार सोयीचं होतं.

अंधारं पाख लागलं तसा बाप पोडावर गेला, बांबू कापून आणला आणि डोहात बुडवला. लिंबू टाकलं नाही. मी लपून पाहिलं, म्हणून सांगतो. त्यानं बांबूवर दगड ठेवले, हातपाय धुतले आणि घरी आला, बस. महिनाभर आम्ही त्याच्याच घरी राहिलो. माझ्या घराच्या भोकाला बाभळीचे काटे लावलेले होते.

महिन्यानं तो जुना कूड उतरवायला बसला. मी हाताशी होतो आणि बायको माती तुडवत होती. बापानं भिंतीचा एक तुकडा ओढला आणि तो हातातच राहिला. आत कामटी नव्हतीच, नुसतं पीठ होतं. शेणमातीवर शेणमाती, तिच्यावर पुन्हा शेणमाती. भिंत म्हणून जे उभं होतं ते तेवढंच. त्यानं एका उरल्यासुरल्या कामटीत नख लावलं. भिजवलेल्या कणकेत जावं तसं ते आत गेलं.

तो बराच वेळ तो तुकडा उलटसुलट करून थर मोजत बसला. त्याला कुडातलं सगळं वाचता यायचं, मला पोथीतलं यायचं.

"आठ थर देले हायेत इथं," तो म्हणाला. "तुले मालूम होतं काय?"

"नाई," मी म्हणालो. "सण आला की लिंपतेच ना माणूस."

बायकोचे पाय मातीत थांबले. बापानं तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तुकडा खाली ठेवला.

"मंग चूक माही हाय," तो म्हणाला. "माह्या हातचा कूड. तुले मी तवाच अडवाले पायजे होतं."

मी भिंतीचा पुढचा तुकडा ओढला. बायकोनं पुन्हा माती तुडवायला घेतली.

नवा कूड पक्का झाला. त्यात नख कधीच रुतलं नाही. पुढच्या रविवारी मी वंदनेला बसलो आणि खोटं बोलणार नाही हे चौथं शील म्हटलं. वस्तीनं माझ्यामागून म्हटलं. बायको पहिली तीन म्हणाली, चौथ्याला गप्प बसली आणि पाचवं म्हणाली. पुढेही दर रविवारी तसंच. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाप सहासष्टच्या पावसाळ्यात गेला. त्याआधीच तीन वर्षं त्यानं कूड विणणं सोडलं होतं. कुणी बोलवायला आलं की म्हणायचा, माह्या हाताले यश नाई. शेवटचे काही दिवस तापात तो एकच बोलायचा. मी अडवाले पायजे होतं, मी अडवाले पायजे होतं. बायको त्याच्या पायथ्याशी बसलेली असायची. ती त्याचे पाय चेपायची आणि माझ्याकडे बघायची. एक शब्द बोललो असतो तर म्हातारा मोकळा होऊन गेला असता. त्याला ऐकू येत होतं, शुद्ध होती, खोलीत आम्ही तिघंच होतो.

मी त्याला पाणी पाजलं.