मामाची हाक ऐकली, पण थांबलो न्हाई

कसं सांगू आता, माझीच मला लाज वाटती. नातवंडं गावभर सांगत फिरत्यात, आमचे आजोबा निजामाच्या राज्यात सरकारी डाक घेऊन पळायचे. पळायचे म्हणं! पहिल्याच दिवशी असं शेण खाल्लं, की आजबी पालीहून बीडला जाताना मान खाली घालतो. घ्या, चहा घ्या, सांगतो.

माझे दगडूमामा पालीच्या चौकीवर हरकारा होते. डाकेची थैली पाठीवर, घुंगरांची काठी हातात, आन् रोज पालीपासून बीडच्या कचेरीपर्यंत पळत. पुढं गुडघा दुखायला लागला, तसं त्यांनी कचेरीतल्या मुन्शीजींना गळ घातली, "माझ्या जागी भाच्याला घ्या."

मुन्शीजी म्हणाले, "एक दिन दौडा के देखेंगे. डाक वेळेवर आली, तर नोकरी त्याची."

मला ती नोकरी लई हवी होती. कावून? माझं लग्न तिच्यावर अडकलं होतं. सासरा सरळ म्हणायचा, आधी नोकरी, मग पोरगी.

मग मामांनी मला तयार करायला घेतलं. डाकेच्याच एका जुन्या थैलीत बिंदुसरा नदीची वाळू भरली, माझ्या पाठीला बांधली आन् महिनाभर पळवलं. पण पायाबद्दल अक्षर न्हाई. म्हणायचे, "पाय कुणाचेबी पळत्यात. हरामी असतंय ते मन. बीड लई लांब हाय, असं त्याला कळूच द्यायचं न्हाई. फुडचा लिंब दाखवायचा. तिथं पोचलं की त्याच्या फुडचा."

"आन् तरीबी दमलो तर?"

"दमलं की मन बोलाय लागतंय. वळखीच्या माणसाचा आवाज काढतंय. थांब म्हणतंय, बस म्हणतंय. ऐकायचं न्हाई आन् मागं बघायचं न्हाई."

"मामा, तुमाला कुणाचा आवाज येतो?"

"तुझ्या मामीचा. म्हणून तर थांबत न्हाई."

मी थक्क झालो. अंगठ्यापुरतं शिकलेला माणूस, आन् मनाच्या आतलं कसं बरोबर वळखलं होतं त्यानं! त्यांचा शब्द न् शब्द मी गाठीला बांधला. तिथंच घात झाला.

ठरल्या दिवशी सकाळी चौकीत दोन खुंट्यांवर दोन थैल्या होत्या. एकीत डाक, एकीत वाळू. मामांच्या पाया पडलो, सवयीनं हाताला आली ती थैली उचलली आन् सुटलो. कोणती उचलली, ते तुमच्या ध्यानात आलंच असंल. माझ्या न्हाई आलं.

शंभर पावलं गेलो न्हाई, तोच मागून आवाज आला, "किसन्या, थांब!"

मी मनाला म्हणलं, अरे वा, आज लौकर सुरू झालास. आन् थेट मामाचा आवाज? मी पाय उचलला.

"थांब बे, गाढवा!"

हुबेहूब मामा. मी आणखी जोर लावला. मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. मला तर कौतुक वाटलं, आपल्या मनाला इतक्या शिव्या येत्यात!

समोरून कपिलधारच्या यात्रेला निघालेली मंडळी आली. त्यातली एक बाई म्हणाली, "अरं बाबा, मागं ते म्हातारं बोंबलतंय, ऐकू येत न्हाई का?"

मी पळता पळता हसून म्हणलं, "येतंय की, मावशे. सगळ्यांनाच येतं."

बाईनं आपलं बारकं पोर जवळ ओढलं.

बीडच्या कचेरीत शिरलो आन् थैली मुन्शीजींपुढं आपटली. त्यांनी थैलीचं तोंड सोडलं, तर सगळ्या मेजावर वाळू.

"क्या मियाँ, पूरी बिंदुसरा उठा लाए?"

माझ्या तोंडाचं पाणी पळालं. तेवढ्यात दारात मामा. धोतर धुळीनं भरलेलं, श्वास लागलेला, पाठीवर खरी डाक. वेळेला तिळभर उशीर न्हाई. मुन्शीजींनी उठून त्यांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगतो, त्या माणसाला बघून ऊर भरून आला.

"मामा, तुमचा गुडघा?"

"त्यो बी बोलत हुता वाटंभर. ऐकतंय कोण? म्या आपला म्हणत हुतो, ह्या लिंबापशी ह्याला गाठतो आन् हाणतो. न्हाई गावला, तर फुडच्या लिंबापशी हाणतो. असं करता करता बीड आलं."

मुन्शीजी मामांच्या पायाकडं बघतच राहिले. म्हणाले, "दगडू, तू तो बोलता था घुटना गया! अब नौकरी छोडने की बात नक्को."

मामांना आणखी दोन वर्सं पळावं लागलं, आन् माझं लग्न तेवढंच लांबलं. त्या दिवशी पळून मी नोकरी पक्की केली, ह्यात शंका न्हाई. फक्त ज्याला ती सोडायची होती, त्याची केली.