फिलूमावशीचा पहिला वाटा

मासळीची पाटी उघडली की फिलूमावशी पहिली मूठ मागे टाकायची, न बघता. मागे मांजरं असणारच, याची तिला खात्री. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "थांब गो, पयला वाटा त्यांचा," असं ती म्हणाली की थांबायचंच. एकदा एका बाईंनी "बिल्ली पहले, आदमी बाद में? वाह!" असं ऐकवलं, तर मावशीने शांतपणे पाटी झाकली आणि ती तोंड फिरवून बसली. "माणसाला मंडई हाय. मांजराला कोण हाय?" बाई बिचाऱ्या शेवटी मुकाट्याने थांबल्या आणि सुरमई घेऊन गेल्या.

माझी तिची ओळख झाली तीही तिची बोलणी खाऊनच. नोकरीतून निवृत्त होऊन मी गिरगावातून भाईंदरला राहायला आले, पण घरात बसून माझं डोकं फिरतं. एका सकाळी बस पकडली आणि मुर्धा, डोंगरी करत उत्तनला निघाले. शेजारणीने कुठे चाललात विचारलं, तर ऐटीत सांगितलं, "बेटावर फिरायला!" खोटं नाही हो. एका बाजूला समुद्र आणि बाकी खाडी, तिथली जुनी माणसं त्या सगळ्या भागाला बेटच म्हणतात. धक्क्यावर बसून डबा उघडला आणि बघते तर चहूकडून मांजरं. पिवळी, काबरी, काळी, एक मांजरी तर एका डोळ्याची. मी लाडाने पोळीचा तुकडा टाकला.

"काय करतंस?" मागून आवाज आला. लाल चौकड्यांचं लुगडं, कानात जाड कुड्या, हातात कोयता. "मांजराला चपाती? त्याला काय हापिसात जायचं हाय?"

मी ओशाळून विचारलं, "तुमची का ही मांजरं?"

"माझी कशी? मी जल्म दिलाय त्यांना?" असं म्हणत तिने माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी चाखली आणि निकाल दिला, "मीठ कमी हाय." त्या दिवसापासून दर गुरुवारी माझी बेटाची फेरी ठरली. भाजीत मीठही जास्त पडायला लागलं.

मावशीने कोयत्याची मूठ लाकडी ठोकळ्यावर तीनदा आपटली की होडीखालून, जाळ्यांच्या ढिगातून, कुणाच्या तरी छपरावरून मांजरं धावत यायची. मी तोच ठोकळा, तोच कोयता घेऊन आपटून पाहिला. एकही आलं नाही! मावशी पोट धरून हसली. पहिल्या वाट्याची रीत मात्र तिची एकटीची नव्हती. प्रत्येक बोट धक्क्याला लागली की टोपल्या उतरायच्या आधी ओंजळभर बारीक मासळी मांजरांना जायची. का, असं विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही. बापाने टाकली म्हणून मुलगा टाकायचा.

पण पिल्लांवर पिल्लं होत गेली आणि मांजरं चाळीसच्या वर गेली. वाळत घातलेले बोंबील पळवायला लागली. इनासकाका म्हणजे गावातल्या मच्छीमार सोसायटीचे पुढारी, आवाज लाऊडस्पीकरसारखा. त्यांनी बैठकीत सगळ्यांदेखत सुनावलं, "फिलू, तुझी मांजरं आमचं वर्सभराचं सुकं खातात. पावसाला बोटी वर ओढू तवर बंदोबस्त कर, न्हायतर पोत्यात भरून खाडीपल्याड सोडणार." मावशी एका शब्दाने भांडली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "खाडीपल्याड त्यांना कोण ओळखतंय? महिन्यात मरतील, बाय." तिचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला.

मग मी कामाला लागले. भाईंदरमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. मांजरांची नसबंदी केली की नवी पिल्लं होणार नाहीत, मग तक्रार कसली? डॉक्टर तयार झाले. अट एकच होती, रात्रीपासून मांजरांच्या पोटात काही जाता कामा नये, नाहीतर भूल देता येत नाही. मावशीने घरोघर, बोटोबोट जाऊन बजावलं. "एक दिस वाटा न्हाय टाकायचा. एकच दिस!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

गुरुवारी पहाटे मावशीने ठोकळा वाजवला आणि एकेक मांजर मानेला धरून अलगद टोपलीत ठेवलं, वर जाळं बांधलं. पहिल्या खेपेला टेम्पोत बारा टोपल्या. दवाखान्यात पहिलं मांजर टेबलावर ठेवलं आणि त्याने डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर अख्ख्या मांदेल्या ओकल्या! दुसरंही तसंच. बाकीच्यांची पोटं नगाऱ्यासारखी टम्म. बाराही मांजरं घेऊन आम्ही परत. "पुढच्या गुरुवारी शेवटचं," असं डॉक्टरांनी सांगितलं. मला तर इतका संताप आला होता की काय सांगू!

संध्याकाळी बैठक बसली. मावशीने विचारलं, "वाटा कोनी टाकला?" मग तीच म्हणाली, "मी टाकला. एकडोळीला चार करंद्या. माझा जीव न्हाय ऱ्हायला." एकदम कुजबुज झाली. कुणी म्हणालं, मी थोडीच टाकली होती. दुसरा म्हणाला, मलापण वाटलं, मी एकट्याने टाकल्याने काय होतंय. शेवटी इनासकाका खाकरले. "माझ्या बोटीतून अर्धी टोपली गेली," असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. मांजरांना पोत्यात भरायला निघालेला माणूस हा! मला हसू आवरेना, पण मावशी हसली नाही. "पुढल्या गुरवारी माझा हात तुम्ही धरा, तुमचा मी धरते," एवढंच म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी पहाटे धक्क्यावर हजर. बोटी लागल्या. मांजरं पायात घोटाळत होती, आरडत होती, बापरे, कान फाटायची वेळ! एकाही बोटीतून एक मासा पडला नाही. इनासकाका तर आपल्या टोपलीवर चक्क बसून राहिले होते, डोळे घट्ट मिटून. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ. माझं गाव हाय ते." खरं सांगते, इतका अभिमान मला माझ्या नोकरीतल्या कुठल्या सत्काराला वाटला नव्हता.

बाराही मांजरं सुखरूप परत आली, पुढे बाकीच्यांचीही नसबंदी झाली. खूण म्हणून डॉक्टर डाव्या कानाचं टोक कापतात. ते बघून मावशी आधी डॉक्टरांवर भडकली, मग येणाऱ्याजाणाऱ्याला तोच कान दाखवत सुटली. पोत्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

गेल्या वर्षी फिलूमावशी गेली. छातीचं दुखणं घरच्यांपासून लपवलं होतं. दफनानंतरच्या गुरुवारी मी नेहमीची बस पकडून गेले. बोटी लागल्या. इनासकाका मावशीचा ठोकळा पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी कोयत्याची मूठ तीनदा आपटली, आणि कापल्या कानांची मांजरं सगळीकडून धावत आली. त्यांनी ओंजळ भरून मासळी टाकली, मागे न बघता.

फिरायला आलेल्या एका जोडप्याने मोबाईल सरसावत विचारलं, "काका, किसकी बिल्लियाँ हैं ये?"

इनासकाका उठून उभे राहिले. "आमची हायत," ते म्हणाले, त्याच लाऊडस्पीकर आवाजात. "सगळ्या गावाची. का, काय काम हाय?"