निपाणीला दोन दिवस: एस्तूची प्रार्थना

आप्पांचा फोन आला, "रविवारी चर्चच्या उपासनेत प्रार्थना एस्तू करणार. पाळकांना सांगून ठेवलंय मी." आप्पा म्हणजे माझे वडील, निपाणीजवळच्या खेड्यात राहणारे निवृत्त मास्तर. एस्तू माझी अकरा वर्षांची लेक. नाही म्हणायची सोयच नव्हती. शनिवारी पहाटे आम्ही दोघी पुण्याहून गाडी काढून निघालो.

साडेपाच तास धरा. कऱ्हाडच्या पुढे रस्त्याची कामं चालू आहेत, म्हणून तासभर जास्तीचा ठेवा. कोल्हापुरात मिसळ खाताना दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि एकमेकींकडे बघून हसू आवरेना. कोगनोळीला कर्नाटकची हद्द ओलांडल्यावर कन्नड पाट्या सुरू झाल्या. एस्तू त्यांचे मनानेच अर्थ लावायला लागली. एक पाटी तर तिच्या मते म्हशींच्या ब्यूटी पार्लरची होती. मला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं हसले. तेव्हाच ती म्हणाली, "मम्मी, मी प्रार्थना नाही करणार. देव आहे की नाही, मलाच कळत नाही."

लहानपणी बायबलचं वचन पाठ नसलं की आप्पा मला जेवायला बसू देत नसत.

"आप्पांना काय सांगू मी?"

"मीच सांगते."

आणि घरी पोचल्यावर तिनं सांगितलंही, माझ्या आईनं ताटात गरम भाकरी वाढताच. आप्पांचा घास हातातच राहिला. तेवढ्यात आईच फिसकन हसली.

"सांगा की पोरीला. लग्नाआधी तुम्ही दोन वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता ते."

मी आईकडे बघतच राहिले. आमचे आप्पा?

"व्हय," आप्पा ओशाळून म्हणाले. "रविवारी तालमीत जात होतो. आमची आई एक शब्द बोलली न्हाय. बाकावर शेजारची जागा तेवढी माझी म्हणून मोकळी ठेवायची."

"मग परत कशाला गेलात?" एस्तूनं विचारलं.

"तेव्हा चर्चच्या गायनात मी होते, आता गात न्हाय," आई म्हणाली. "देवासाठी न्हाय, मला बघायला आलते."

आप्पांचे कान लाल झाले. मी इतकी हसले की ठसका लागला. आप्पाही हसले, मग एस्तूकडे वळून म्हणाले, "तुला जे वाटतंय तेच देवाला सांग. खोटं बोलू नको म्हणजे झालं."

संध्याकाळी आप्पांना घेऊन बेळगावला गेलो आणि तिथली खव्याची मिठाई, कुंदा, खाल्ला. जायला सव्वा तास लागतो. एक वाटी पुरते असं समजू नका, आम्ही तिघांनी तीन-तीन संपवल्या.

रविवारी चर्चमध्ये पंचवीस-तीस माणसं असतील. एस्तू उभी राहिली, डोळे मिटले. "देवा, तू आहेस का, मला नक्की माहीत नाही. असशील तर आप्पांचा दुखरा गुडघा बरा कर. आणि आजीला परत गायला लाव."

मग पहिल्या बाकावरून आप्पांचा खणखणीत "आमेन" आला, आणि पाठोपाठ सगळ्यांचा. पाळकांनाही हसू आवरेना. शेवटच्या गीताला आई उठली आणि फाटक्या आवाजात पहिली ओळ तिनंच उचलली.

पुण्यात परतल्यावर रात्री जेवायला बसलो. एस्तूनं घास तोंडाशी नेता नेता थांबून विचारलं, "आपल्या घरी कोण करतं प्रार्थना?"

गेली कित्येक वर्षं कुणीच नाही. खरं तेच सांगायचं म्हणून मी तसंच सांगितलं. मग दोघींनी हात जोडले, आणि सुरुवात कशी करायची ते मला आठवेना, तसं मी बोलूनही गेले.

"मम्मी, त्याला हेच सांग ना," ती म्हणाली.