डाव्या चाकाचे आटे

सैन्याने लिलावात काढलेले दोन ट्रक आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतले; एक मी, एक माझ्या गुरुबंधूने. तरुणपणी आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. आज मालेगावात, वाशीमच्या रस्त्यावर, आमची गॅरेजे समोरासमोर आहेत.

त्याचे इंजिन पंधरवड्यात सुरू झाले. माझे मुळात अधिक चांगल्या स्थितीत होते, तरी महिनाभर खोकत राहिले. पलीकडून तो खणखणीत आवाज आला की मी पाना खाली ठेवी, आणि मग हाताला काम सुचत नसे. मानोऱ्याहून, कामरगावाहून लोक त्याचा ट्रक पाहायला येत. माझ्याकडे येत ते मोटारसायकल सावलीत लावायला.

मग ब्रेक पाहण्यासाठी त्याने चाके काढायला घेतली. उजवीकडची निघाली, डावीकडचा नट हलेना. या जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. नट सोडवायचा तर एरवी आवळतो त्या दिशेने फिरवावा लागतो. उस्तादाने हे दाखवले त्या आठवड्यात तो तापाने घरी होता. तेवढा एकच धडा मला त्याच्याहून अधिक मिळाला होता.

मी दारात खुर्ची घेतली. त्याने पान्याला लांब नळी जोडली आणि तिच्यावर सगळा भार टाकला. माझी एक हाक पुरली असती. पहिला बोल्ट तुटला तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि बरे वाटले. हे लिहिताना संकोच होतो, पण बरेच वाटले. असे बोल्ट बाजारात मिळत नाहीत, हे ठाऊक असूनही पाच तुटेपर्यंत मी बसून होतो. शेवटी त्याने रंगाचे थर खरवडले, तेव्हा बोल्टवरची खूण त्याला दिसली.

हातही न धुता तो रस्ता ओलांडून आला.

"दादा, डाव्या चाकाले हात तं नाही लावला ना? आटे उलटे हायेत. माहे पाच बोल्ट गेले. तुहे जाऊ नये म्हनून पयले इकडं आलो."

"असं काय?" मी म्हणालो.

माझा पाना घेऊन तो माझ्या ट्रकच्या डाव्या चाकाशी बसला आणि जोर कोणीकडे द्यायचा ते मला समजावून सांगू लागला. एकेक करून त्याने आठही नट सोडवले आणि माझ्या ओंजळीत दिले. बोलायला मला तेवढा वेळ होता.