फोनला नाक नसतं
कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं तपासण्याच्या आधी पेशंटचं पोट पुरतं साफ झालंय का, हे बघणं अठरा वर्षं माझं काम होतं. औषध पिऊन झालं की मी संडासात जाऊन बघायची. नुसतं पिवळं, नितळ पाणी दिसलं म्हणजे झालं. डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, घेऊ का?" मी हो म्हटलं की दुर्बीण आत जायची. काम घाण, पण त्या 'हो'चा मला मान वाटायचा.

मग आमच्याकडे एआयचं ॲप आलं. शेवटच्या जुलाबाचा फोटो काढायचा, ॲप सांगतं, तयार की नाही. आठवड्याभरात डॉक्टरांचा प्रश्न बदलला. "सिस्टर, ॲप काय म्हणतंय?" घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं झालं की, सुटलीस." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

काही महिन्यांनी मुरगूडहून एक आजी सुनेबरोबर आल्या. मी त्यांच्या मागोमाग संडासाकडे निघाले, तर त्यांनी दारातच अडवलं.

"तुम्ही नगा येऊ बाई. सून काढती की फोटो."

"आजी, माझं कामच आहे ते."

"व्हय, पण मला लाज वाटती. फोनला नाक न्हाय, आन् त्यो कुठं सांगत फिरत न्हाय."

मी तरी कुणाचं कधी सांगत फिरले होते? ते मला फार लागलं.

सुनेनं फोटो काढला. ॲप म्हणालं, तयार नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. पाण्यात बारीक कण होते. एरवी मीच त्यांना थांबवलं असतं. पण त्या दिवशी वाटलं, हे ॲप एकदा तरी चुकू दे. डॉक्टरांना म्हणाले, "ॲप नाही म्हणतंय, पण मी बघितलंय. साफ आहे."

"तुम्ही म्हणताय तर घेऊ," ते म्हणाले. किती महिन्यांनी ऐकलं ते.

दुर्बीण निम्म्यावर गेली आणि स्क्रीनवर नुसता गाळ. पाणी मारूनही निघेना. तपासणी थांबवावी लागली.

संध्याकाळी आजींना पुन्हा तेच औषध, पुन्हा उपास. पेला मीच धरला होता. दोन घोट घेऊन त्यांनी विचारलं, "कालचं कमी पडलं व्हय?"

"नाही आजी. फोननं थांबा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्या म्हणाल्या, "सांगितलंसा ते बरं केलंसा," आणि पेला संपवला. कण मला दिसले होते, हे डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी नुसती उद्याची वेळ लिहून दिली, आणि ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी आतडं स्वच्छ होतं. एक लहानशी गाठ सापडली, ती तिथंच काढली. पुढं रिपोर्टात साधी निघाली.

आता ॲप नाही म्हणालं की मी पेशंटला मुकाट्यानं थांबवते. पण ॲप काय म्हणतंय असं डॉक्टर विचारतात, तेव्हा अजूनही वाटतं, एकदा तरी त्यांनी मला विचारावं, "सिस्टर, घेऊ का?"